सायलेन्सरचं टोक आणि लॉग फाइल

आठवडाभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला शनिवारी हाताला काळं लागलं की फार बरं वाटतं. खोटं वाटत असेल तर करून बघा. बग सोडवल्याचं समाधान क्लायंटच्या पुढच्या मेलपर्यंतच टिकतं, घासून लख्ख केलेलं चाक निदान पहिल्या पावसापर्यंत तरी आपलं असतं :)

सध्या माझ्या हाताखाली आहे बाबांची २००५ सालची एस्टीम. चाकं अलॉयची, मागे सायलेन्सरला स्टीलचं टोक. दोन्ही मी पहिल्या बोनसमधून बसवलेली, बाबांच्या "कशाला रे गाडीला लग्नातल्या घोड्यासारखी सजवतोस?" या शेऱ्यासकट. आता चाकं राखाडी, टोक काळंकुट्ट. घरात 'विकायची की ठेवायची' ही चर्चा रंगात आलेली. म्हटलं, आधी घासून तर बघू.

पहिली गोष्ट म्हणजे समोर कुठला धातू आहे ते ओळखा. अलॉय व्हील म्हणजे बहुतेक वेळा ॲल्युमिनियम, वर पारदर्शक लॅकरचा थर. चाक गार असताना पाण्याने धुवा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी दिसतील, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचे ब्रेक जास्त झिजतात. ती काळी पूड त्यांचीच. मग कोपऱ्यात थोडं मेटल पॉलिश लावून फडकं फिरवा. फडकं काळं झालं तर उघडा धातू. नाही झालं तर तुम्ही लॅकर घासताय, तिथे रंगाला वापरतात तसलं मऊ पॉलिशच बरं.

आणि हो, घरातली चिंच तांब्या-पितळेपुरतीच ठेवा. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर तीव्र आम्लातही विरघळतो आणि कॉस्टिकमध्येही. 'भारी क्लीनर' म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून मगच हात घाला.

सायलेन्सरच्या टोकाचे दोन प्रकार. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा अतिशय पातळ थर हवेत आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येतो. म्हणून ते कितीही काळवंडलं तरी परत येतं. दुसरं म्हणजे साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा. भांड्यांच्या कल्हईचा चुलतभाऊच. वरचं क्रोम सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. त्यावर नुसता वरवरचा गंज असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे उठत नाहीत. पण फोड आले असतील तर पॉलिश सोडा, मुलामाच नव्याने द्यावा लागतो. चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही, ही समजूत मात्र अर्धीच खरी. सायलेन्सरमध्ये वापरतात त्यातल्या काही स्टेनलेसना चुंबक छान चिकटतं.

उघड्या धातूवर खोल डाग असतील तर वॉटर पेपर: ४००, ८००, १२००, २०००. प्रत्येक वेळी पाणी, आणि प्रत्येक वेळी घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. गंमत अशी, की चमक आपण चढवत नाहीच. मोठे ओरखडे काढून लहान करतो, लहान काढून आणखी लहान. शेवटी ते इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत. थोडक्यात, दरवेळी धातू कमी होतो. म्हणून चाकाच्या कडेला फुटपाथने काढलेली खोल खाच मी तशीच ठेवली. ती घालवायला आजूबाजूचं सगळंच खाली आणावं लागलं असतं, आणि चाक काही शोभेची वस्तू नाही.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. टोक पुसण्याआधी आत बोट फिरवा. कुठलाही शहाणा इंजिनियर लॉग वाचल्याशिवाय उडवत नाही, तसंच हे. काजळी ओली, तेलकट असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. कोरडी, भुसभुशीत, काळीभोर असेल तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. इंजिन गार असतानाही तसंच होतं.

आमच्या टोकात होती कोरडी काजळी, आणि आतल्या पाइपात ओलसर तांबडा गंज. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांब पल्ल्यात ते वाफ होऊन निघून जातं. गाडी तापायच्या आतच बंद झाली तर सायलेन्सरमध्येच साचतं आणि आतून खातं.

"बाबा, गाडी हल्ली कुठे कुठे नेता?"

"मंडई. बँक. आणखी कुठे जायचंय?"

कोकणात एका दमात गाडी नेणारा हा माणूस. ओडोमीटर बघितला, मागच्या सर्व्हिसचं बिल बघितलं. वर्षात बाराशे किलोमीटर. फोनवर दर रविवारी "मजेत आहे" ऐकत होतो, टोकाने काही वेगळंच सांगितलं.

विकायचा विषय तूर्त बारगळला आहे. पासिंग होतंय, पर्यावरण कर भरलाय. धातूला मेण लावलंय, नाहीतर ॲल्युमिनियम पुन्हा राखाडी होणारच. सायलेन्सरच्या आतल्या गंजावर मात्र पॉलिश चालत नाही. त्यावर उपाय एकच, आठवड्यातून एकदा सलग तीस-चाळीस किलोमीटर. उद्या सकाळी सहाला खेड-शिवापूर. गाडी बाबा चालवणार, मी शेजारी बसणार.

तुमच्या घरी अशी एखादी गाडी असेल तर या वीकेंडला बोट फिरवून बघा. पुसा नंतर.