मुखवट्यामागचे वादक

जयपूरला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला राजमंदिर दाखवावंच लागतं. आमच्याकडचे पाहुणे बहुधा पुण्याचे. मुंबईचं मराठा मंदिर उभारणाऱ्या नामजोशींनीच हेही चित्रपटगृह रचलं, हे कळलं की त्यांना ते एकदम घरचं वाटू लागतं. (तिकिटं मात्र मीच काढायची.) १९७६ साली ते ‘चरस’ने उघडलं. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं.

यंदा मेलबर्नचा भाचा आला होता. मध्यंतरात त्यानं माझ्या कानाला हेडफोन लावला. “मावशी, हे तुमच्या काळातलं ना?” ‘द बॉम्बे रॉयल’ हा त्याच्या शहरातला बँड, २०१२ चा ‘यू मी बुलेट्स लव्ह’ हा त्यांचा पहिला अल्बम. सर्फ गिटार, ब्रास, सितार, हिंदी-बंगाली शब्द आणि साठ-सत्तरच्या हिंदी सिनेमाचा सगळा धूर.

आमच्या काळातलं होतं आणि नव्हतंही. पश्चिमेत सायकेडेलिक रॉक ही एका पिढीची जगण्याची तऱ्हा होती. आपल्याकडे ते नेमून दिलेलं काम होतं. खलनायकाचा अड्डा, कॅबरे, ‘हरे रामा हरे कृष्णा’तली चिलीम ओढणारी पोरं, एवढ्यापुरतंच. चार मिनिटं गिटार बहकायची, पुढच्या रिळात आई देवापुढे गात असायची. या बँडनं आई आणि देव वगळून ती चार मिनिटंच ठेवली आहेत. मला ते आवडलं. शेजारी भजन नसल्यानं थोडं अळणीही वाटलं.

ही मंडळी रंगमंचावर मुखवटे लावून, टोपणनावांनी वावरतात. ‘गुमनाम’मधलं, मुखवटे लावून नाचणाऱ्यांचं १९६५ चं गाणं आठवा. पडद्यावर ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ वाजवताना दिसतात, पण सिनेमात दिसणारे वेगळे आणि ध्वनिमुद्रणात वाजवणारे वेगळे, ही तेव्हाची रीतच होती. वाजवणाऱ्यांना मुखवट्याची गरजच नव्हती. त्यांना बघत होतं कोण? गोव्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, म्हणून ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचं नाव गाण्यात आलं. असं भाग्य किती जणांचं?

माझे मोठे मामा अशाच वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. मागच्या रांगेत. विविधभारतीवर एखादं गाणं लागलं की बोट वर करून म्हणायचे, “हं, इथे आम्ही.” आम्हाला वीस व्हायोलिनांचा एकच आवाज ऐकू यायचा. मामी म्हणायची, “तुम्ही नेमके कुठले?” मामा रेडिओ मोठा करायचे.

भाच्याला मी हे सांगितलं. त्यानं लगेच फोनवर मामांचं नाव शोधलं. काही सापडलं नाही. मग घरी आल्यावर मी त्याला मामांची वही दाखवली. प्रत्येक ओळीत तारीख, स्टुडिओ, मिळालेले रुपये. गाण्याचं नाव कुठेच नाही. वाजवताना ते बहुतेक वेळा त्यांनाही माहीत नसायचं.