लिस्ट लागली का?

मला हे आधी कुणी सांगितलं का नाही? जन्म पुण्यातला, शाळा पुण्यातली, नोकरीही पुण्यातच. जुन्या मुंबई रस्त्यानं खडकीवरून किती वेळा गेले असेन त्याची मोजदाद नाही. आणि याच शहरात हॉकीवर जीव टाकणारी माणसं आहेत, ती संध्याकाळी जमतात, तावातावानं भांडतात, वह्याच्या वह्या भरतात, हे मला यंदाच्या जूनमध्ये कळलं! तेव्हापासून भेटेल त्याला धरून मी हेच सांगते आहे.

सुरुवात भाचीपासून झाली. तिनं आठवीत हॉकी घेतली आणि एका शनिवारी बहिणीला वेळ नव्हता, म्हणून तिला पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. वेळ घालवायला पुस्तक घेतलं होतं, ते उघडलंच नाही. खेळायच्या आधी टर्फवर पाणी मारतात हे तुम्हाला माहीत होतं? मोठाले फवारे सुटतात, अख्खं मैदान भिजून चकाकायला लागतं. त्या ओल्या टर्फवरून बॉल सुटला की मागे तुषारांची एक बारीक रेघ उठते. बॉल नजरेला सापडायच्या आधी ती रेघ दिसते! आणि गोलच्या आतल्या फळीवर बॉल आदळला की असा ‘ठाप्’ आवाज होतो की तो कानात नाही, छातीत बसतो. मी उभीच राहिले होते.

मागच्या पायऱ्यांवर चार-पाच वयस्कर माणसं बसली होती. नजर मैदानावर आणि तोंडं अखंड चालू.

“लिस्ट लागली का?”

“नाय अजून.”

“मग त्या लेफ्ट हाफचं काय? लागली का कुठं ती?”

“कुठली लागते! पुन्हा कंत्राटावरच बोलावलंय.”

मला वाटलं कुणाच्या तरी घरच्या मुलीच्या ॲडमिशनचं आणि नोकरीचं चाललंय. थोड्या वेळानं उलगडा झाला: लिस्ट म्हणजे निवड झालेल्या खेळाडूंची यादी, आणि ‘लागली’ म्हणजे स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला लागली. फुटबॉलचे चाहते सुट्टीच्या दिवसांत कोण कोणत्या क्लबात गेला यावर बोलतात. इथं पावसाळ्यात स्पर्धा थंडावल्या की प्रश्न असतो तो हा: कुणाला रेल्वेनं घेतलं, कुणाला कस्टम्सनं, कोण आर्मीत गेला, कुणाचं वय उलटून चाललंय आणि अजून हातात ऑर्डर नाही. संघात कोण आणि त्या पोराचं पोट कशावर चालतं, हे दोन प्रश्न ती माणसं एका श्वासात विचारतात. मी आजवर कुठल्याही खेळाच्या चाहत्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

“ताई, नवीन दिसता. इकडं बसा, ऊन लागतंय तिथं,” त्यांच्यातले एक जण म्हणाले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले, घरी तमिळ, बाहेर खास खडकीचं मराठी. पुढच्या आठवड्यात मी भाचीला सोडायला गेले नव्हते, अण्णांची मंडळी ऐकायला गेले होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर खडकी बाजारात चहाला.

आणि तिथं ती वही निघाली! शाळेची शंभरपानी, कव्हरला प्लास्टिक, आत निळ्या पेनानं आखलेले रकाने. हॉकी इंडिया लीग सात वर्षं बंद राहून २०२४-२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत लिलाव झाला. पुरुषांच्या आठ संघांना प्रत्येकी ४ कोटी रुपयांची मर्यादा, २४ खेळाडू, त्यात किमान चार ज्युनिअर आणि आठ परदेशी. त्या आठ संघांत पुणं नाही. म्हणून अण्णांनी पुण्याचा संघ स्वतः उभा केला आहे, वहीत, त्याच ४ कोटींत! समोर किंमत, बाजूला शिल्लक. हरमनप्रीत सिंगला सूरमा हॉकी क्लबनं ७८ लाखांना घेतलं, त्या लिलावातला तो सर्वात महागडा. अण्णांच्या वहीत त्याच्या नावावर काट आहे. “एका माणसात ७८ गेले तर ज्युनिअरला काय देऊ? दोन-दोन लाखांत पोरं आणायची आणि त्यांनी वर्षभर काय खायचं?” कागदावरच्या संघातल्या पोरांच्या पोटाची काळजी करणारा हा माणूस पाहून माझा चहा गार झाला.

महिलांच्या लीगसाठी वेगळं पान आहे, मर्यादा २ कोटी. त्यावर वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ अशी साताऱ्याकडची नावं आहेत. तिघी क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या, शेतकऱ्यांच्या गावांतून आलेल्या. मी त्या दिवसापर्यंत यातलं एकही नाव ऐकलं नव्हतं. आणि एलायझा नेल्सन? १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, तेव्हाची कॅप्टन आपल्या पुण्याची होती!

पुण्याचा संघ खरोखर होताही एकदा, २०१२ मध्ये. वर्ल्ड सीरीज हॉकी नावाची लीग निघाली होती, हॉकी इंडियाची मान्यता नसलेली. पुणे स्ट्रायकर्स त्यात फायनलपर्यंत गेले, शेर-ए-पंजाबकडून ५-२ नं हरले, आणि लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. या मंडळींचा वाद त्या हरण्यावर नाही. वाद यावर आहे की खडकीचा धनराज पिल्ले, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्या लीगमध्ये कर्नाटक लायन्सकडून खेळला. “आमचा माणूस आणि आमच्या लिस्टमध्ये नाही!” अजून जखम ओली आहे.

धनराजचं नाव निघालं की टेबलावरचा आवाज बदलतो. वडील इथल्याच ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदान राखणारे, घरात पैसा नाही, भावांबरोबर मोडक्या स्टिका दोरीनं बांधून खेळलेला पोरगा. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार एशियाड. हे मला अर्धवट माहीत होतं. हे नव्हतं: डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला त्यानं भारताला एशियाडचं सुवर्णपदक जिंकून दिलं, आणि लगेच पुढच्या संघातून तो आणि आणखी सहा सीनियर बाहेर! अधिकृत कारण, विश्रांती. पण त्यांनी सोयी आणि मॅच फी यावर तोंड उघडलं होतं, आणि त्याचीच ही शिक्षा असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. सुवर्णपदकाच्या बदल्यात विश्रांती. मी घरी येऊन रात्री दोनपर्यंत जुन्या बातम्या वाचत होते.

आणि मग बालेवाडी. खरं तर मला एवढंच सांगायचं होतं, बाकी सगळं त्यासाठीच.

जानेवारी २०१०. दिल्लीत विश्वचषक फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होणार, म्हणून भारतीय संघाचं शिबिर आपल्या बालेवाडीत. कॅप्टन राजपाल सिंग, कोच स्पेनचे होजे ब्रासा. आणि एके दिवशी २२ खेळाडू सराव करायला नकार देतात. थकलेले पैसे द्या, नाहीतर मैदानावर येत नाही! मागणी माणशी साधारण साडेचार लाखांची, खेळाडूंना श्रेणीप्रमाणे ठरलेलं मानधन मिळावं हीसुद्धा. हॉकी इंडियाकडून उत्तर आलं माणशी २५ हजारांचं. खेळाडूंनी नाकारलं. मग इशारे, मुदती, दुसराच संघ पाठवण्याची भाषा. संदीप सिंग, प्रभज्योत, सरदार, तुषार खांडकर, भरत छेत्री... विश्वचषकाला जेमतेम दीड महिना, जागा जाण्याची भीती, मागे कुठली युनियन उभी नाही, आणि तरी कुणी फुटलं नाही.

एकही फुटला नाही! मी पुण्यातच होते तेव्हा. बालेवाडीच्या रस्त्यानंच रोज ऑफिसला जात होते. भिंतीच्या पलीकडे हे चाललं होतं.

अण्णांना मात्र दिवसनदिवस आठवतो, आणि का आठवतो तेही त्या टेबलावर बसल्यावर कळतं. ही ऑर्डनन्सची माणसं. गेट मीटिंग, मागण्यांचं निवेदन, वाटाघाटीत पहिली ऑफर कधी घ्यायची नसते, हे सगळं त्यांनी आयुष्यभर केलेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरच्या ऑर्डनन्स कारखान्यांच्या कामगारांनी महामंडळ करण्याच्या विरोधात संप केला, तेव्हा अण्णांच्या घरातली पुढची पिढी त्यात होती. बावीस हॉकीपटू बालेवाडीत अडून बसले, त्यांची भाषा देशात कुणाला कळली असेल तर खडकीला.

त्या टेबलावर दुसरं मतही आहे. मिलिटरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते अजूनही म्हणतात, “देशाचा शर्ट अंगात असताना पैशाचं बोलू नये.” अण्णा चिडत नाहीत. कप खाली ठेवतात आणि म्हणतात, “काका, शर्ट देशाचा. आतलं पोट त्याचं.” काका मान हलवतात, पटलं म्हणून नव्हे, पंधरा वर्षं हेच वाक्य ऐकतात म्हणून. मी अण्णांच्या बाजूची आहे, ठाम.

१३ जानेवारीला तिढा सुटला. प्रायोजक सहारानं हात दिला, १ कोटी रुपये मिळायचं ठरलं. बावीसनं भागून पाहा, माणशी साडेचार लाखच येतात! मी ते गणित खडकीच्या टेबलावर पेपर नॅपकिनवर केलं आणि ओरडलेच. त्याच महिन्यात भोपाळच्या शिबिरातल्या मुलींनीही आवाज उठवला. त्यांनी तर लोकांकडून मदत घेण्यासाठी बँकेत खातं उघडलं. देशाच्या संघातल्या मुली. हे वाचताना आनंद ओसरतो, राग येतो.

आणि २८ फेब्रुवारी २०१०, दिल्ली, पहिलाच सामना पाकिस्तानशी. पैशासाठी अडून बसलेली, स्वार्थी म्हणून हिणवलेली हीच पोरं उतरली आणि ४-१ नं जिंकली! संदीपचे दोन गोल, शिवेंद्रचा एक, प्रभज्योतचा एक. पुढे संघ आठवा आला, तेही अण्णा लपवत नाहीत. पण ते ४-१ सांगताना त्यांचा हात टेबलावर चार वेळा पडतो आणि कप चार वेळा वाजतात.

तिकडे अमेरिका-कॅनडात बर्फावरची हॉकी असते, तिथं २००४-०५ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या संघटनेचं जमलं नाही म्हणून पूर्ण हंगाम रद्द झाला, १२३० सामने. मी मोठ्या उत्साहानं हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “त्यांच्याकडे युनियन होती. आपल्या पोरांकडे फक्त रूममेट होते.”

आता परिस्थिती बरी आहे. ओडिशा सरकारचं प्रायोजकत्व २०१८ पासून आहे, २०२३ मध्ये हॉकी इंडियानं जिंकलेल्या सामन्यामागे खेळाडूला ५० हजार द्यायचं जाहीर केलं, पॅरिस ऑलिंपिकच्या ब्राँझनंतर प्रत्येकाला १५ लाख. बालेवाडीतल्या २५ हजारांशेजारी हे आकडे ठेवून पाहा. पण त्या लेफ्ट हाफचं काय? खाली जिल्हा-राज्य पातळीवर खेळणारी, बावीस-तेवीस वर्षांची, अजून कंत्राटावर असलेली? तिच्यासाठी कुणी लिलाव करत नाही. तिची चौकशी त्या पायऱ्यांवर होते. परवा भाचीनं विचारलं, “मावशी, मी खेळत राहिले तर मला पगार मिळेल?” मी तिला अण्णांकडे घेऊन गेले. त्यांनी वही उघडली, कोरं पान काढलं, तिची जन्मतारीख लिहिली आणि कोणत्या वर्षी कोणती लिस्ट लागते, कोणतं सर्टिफिकेट जपून ठेवायचं, हे एकेक करून तिला सांगितलं. अर्धा तास.

म्हणून हा लेख. मेट्रोनं संत तुकारामनगरला उतरा, तिथून नेहरूनगर जवळ आहे. मैदानावर पाणी मारत असतील तेव्हा पोचा. वरच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसलेली माणसं दिसली की सरळ जाऊन विचारा, लिस्ट लागली का. बसायला जागा करून देतात.