आजीचा नमस्कार

चि. सायली,


गच्चीतल्या टबाचा फोटो बघून तू विचारलंस, आजी बेडकाला हात का जोडते? फोनवर हे घाईघाईत सांगायचं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

तो तपकिरी बेडूक झाडावर राहणारा. बोटांच्या टोकांना चकत्या असतात, त्यामुळे बाथरूमच्या गुळगुळीत भिंतीवरही सरसर चढतो. खारघरला डोंगराकडच्या इमारतींत पावसाळ्यात हमखास येतो. टबाच्या आतल्या कडेला साबणाच्या फेसासारखा गोळा दिसतो ना, ते त्याचं घरटं. मादी अंगातला स्राव मागच्या पायांनी घुसळून फेस करते, त्यात अंडी घालते. वरचा थर सुकतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी पिल्लं सुटून खालच्या पाण्यात पडतात. खाली पाणी नसेल तर सगळंच वाया.

आता आजीचं. 1972 च्या दुष्काळात आम्ही माणमध्ये होतो. मोठी माणसं खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची. तेव्हा गावाने धोंडी काढली. धोंडी झाला होता तुझा बाबा! उघड्या अंगाला लिंबाचे डहाळे बांधलेले, खांद्यावर काठी, काठीला बेडूक. पोरं गाणं म्हणत दारोदार फिरली. घरातली बाई धोंडीवर पाणी ओतायची, पसाभर धान्य द्यायची. पाणी विकतच्या दुधापेक्षा जपून वापरायचे दिवस होते ते, तरी कुणी रित्या हाताने पाठवलं नाही. आईने, म्हणजे तुझ्या आजीने, मात्र तांब्या आधी बेडकावर ओतला, मग लेकावर. बेडकाला असं बांधणं मला आजही पटत नाही. पण पाऊस मागायला त्यालाच पुढे करण्यामागचा विश्वास फार जुना. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात पावसाळी बेडकांवर आख्खं सूक्त आहे. त्याचं ओरडणं म्हणजे पावसाची वर्दी. पाण्यावाचून त्याचीही पिढी अडते, आपलीही.

सिडकोने 95 गावांच्या जमिनीवर हे शहर वसवलं, तेव्हा कितीतरी भातखाचरं बुजली. बेडकांचं पाणी तेच होतं. उरलेली गावतळी तरी काँक्रीटच्या काठांनी आवळू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

येणार असशील तर तिकीट जूनच्या अखेरीचं काढ. तोवर इथे पाऊस लागलेला असतो आणि रात्री नरांची टकटक सुरू होते. धोंडीचं गाणं बाबाकडून म्हणवून घे, त्याला सगळं पाठ आहे.

तुझी,
आत्या