डिस्नीलँडच्या गावात गिधाडं

उरायासुच्या आभाळात गिधाडं नाहीत. जपानमधलं डिस्नीलँडचं हे गाव, त्यामुळे आमच्या मुलांना गिधाड ठाऊक आहे ते सिनेमातलं. १९३७च्या 'स्नो व्हाइट'मध्ये दुष्ट राणी कड्यावरून कोसळते आणि टपून बसलेली दोन गिधाडं तिच्यामागे खाली झेपावतात, तेवढीच ओळख. सप्टेंबरचा पहिला शनिवार हा आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन. ते निमित्त साधून इमारतीतली मराठी मुलं घरी जमवली, तर पहिलाच शेरा आला, "ई काकू, ते किती घाण असतं!"

असू दे की घाण. गिधाडाला गोंडस करून सांगायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. सुरुवात केली ती मेलेल्या बैलापासून. पंचाईत अशी की, या मुलांनी मेलेलं जनावर कधी पाहिलेलंच नाही. इथे कचऱ्याच्या दिवशी पिशव्यांवर जाळी टाकतात, कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून. घाणीशी त्यांचा संबंध तेवढाच. मग माझ्या आजोळचं, त्र्यंबकेश्वरकडचं सांगितलं. बैल मेला की गावाबाहेर ओढून टाकायचे. रिकाम्या आभाळात एक ठिपका दिसायचा, मग दहा-बारा, आणि बघता बघता खाली नुसती झुंबड. ढकलाढकली, फिसकारणं, पार खांद्यापर्यंत मान आत खुपसणं. दिवस मावळायच्या आत हाडं उरायची. गावाला ना दुर्गंधी, ना रोगराई.

"मानेवर पिसं का नसतात?" मी विचारलं. "रक्ताने चिकट होतील ना!" सातवीतल्या मुलीने सांगितलं. नाक मुरडणारी तीच होती.

मग गिधाडं गेली कुठे? पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्के घटली. कारण निघालं डायक्लोफेनॅक, आपल्या घरातल्या सांधेदुखीच्या मलमात असतं तेच. त्याचं इंजेक्शन दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडाने खाल्लं की, त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. युरिक आम्ल साचून आतल्या अवयवांवर पांढरा थर धरतो. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, मग ही तूट भरून यायची कशी? जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या.

"म्हणजे तोकीसारखंच," एकजण म्हणाला. तोकी हा जपानचा लाडका पक्षी. जपानात जन्मलेला शेवटचा तोकी 'किन' २००३ मध्ये मेला. गिधाडांच्या मृत्यूचं कारणही त्याच वर्षी उघड झालं. चीनने दिलेल्या जोडीपासून पैदास करून २००८ मध्ये सादो बेटावर तोकी पुन्हा मोकळे सोडले. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणातल्या पिंजोरला वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली. पण तोकीसाठी सादोच्या शेतकऱ्यांनी भातखाचरात औषध मारणं कमी केलं, ही गोष्ट मला पिंजऱ्यातल्या पैदाशीपेक्षा मोठी वाटते.

पुढे एका रविवारी सगळ्यांना घेऊन तामा प्राणिसंग्रहालयात गेलो. तोझाई लाइन, मग चुओ, मग मोनोरेल. मुलांची कुरकुर वाटेतच सुरू झाली. तिथल्या उंच जाळीदार पिंजऱ्यात एका गिधाडाने उन्हात पंख पसरले, तशी कुरकुर थांबली. बराच वेळ ते तसंच उभं होतं, पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. "हा जटायू?" धाकट्याने विचारलं. हो म्हटलं. जटायू जिथे पडला म्हणतात ते टाकेद माझ्या आजोळापासून लांब नाही, तेही सांगून टाकलं.

खरं काम केलं ते सातवीतल्या त्या मुलीने. तिने गावी आजोबांना फोन लावला. "आबा, आपल्या गाईला दुखल्यावर कुठलं इंजेक्शन देतात?" आबा म्हणाले, "डॉक्टर देतील ते. आपण कुठं विचारतो?" तिने नाव लिहून घ्यायला लावलं: मेलॉक्सिकॅम. गिधाडांना ते बाधत नाही.

तुमच्याही गावी गोठा असेल, तर हा फोन करा. जनावराच्या दुखण्यावर मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड चालतं. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन जनावरांसाठी विकायला कायद्याने बंदी आहे. मेडिकलवाल्याने तरीही पुढे केलं, तर घेऊ नका.