पन्नाशी ओलांडलेली गाडी

धुळे, रविवार, 7 डिसेंबर 2025
मळ्यात भरीत पार्टी. लेस्टरहून आलेल्या मावसभावाने हात धुता धुता मोबाइलवर फोटो दाखवला: 1957 ची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी सीरिज. तिकडच्या एका म्हाताऱ्याकडे आहे, ती घेऊन धुळ्याला आणायची म्हणतो. गॅरेजवाले अण्णा कळण्याची भाकरी मोडत म्हणाले, "भाऊ, आठे ॲम्बॅसिडर भंगारमा जाई ऱ्हायनी, नि तुम्ही विलायतनी लई ऱ्हायनात?" बोलणं खोटं नाही. आपली ॲम्बॅसिडर याच मॉडेलवरून बेतलेली.

मंगळवार, 9 डिसेंबर
न्हावा शेवाच्या क्लिअरिंग एजंटला फोन केला. परवान्याशिवाय पूर्वी फक्त 1950 च्या आधीच्या गाड्या यायच्या, म्हणजे ही बादच होती. यंदा वर्षाच्या सुरुवातीला विदेश व्यापार महासंचालनालयाने पन्नास वर्षांची अट केली. ती दरवर्षी पुढे सरकते. एरवी वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते. म्हणजे तान्हं बाळ चालतं, पणजी चालते, मधल्यांना मज्जाव! ऐंशीच्या दशकातल्या मर्सिडीजवर आमच्या पिढीचा जीव, तर ती नेमकी त्या मधल्यांत. हा नियम कुणा शौकिनाने केलेला दिसत नाही.

कराचं ऐकून भाऊ गप्प झाला. किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर आकारणी. सगळे कर धरले तर मूळ किमतीपेक्षा करच जास्त.

जळगाव, शुक्रवार, 12 डिसेंबर
भाच्याकडे मुक्काम. त्याने 2021 चे व्हिंटेज नोंदणीचे नियम काढून ठेवले होते. फी 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची, सोबत बिल ऑफ एंट्री. चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. आपल्याकडे ॲम्बॅसिडरमध्ये सर्रास डिझेल इंजिन बसवायचे, तसला उद्योग इथे चालणार नाही. नंबरप्लेटवर एमएच, मग व्हीए. आपला धुळ्याचा 18 त्यात कुठेच नाही. याचं मला उगीच वाईट वाटलं.

खरी मेख वापराची. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढायची. भाचीच्या लग्नात नवरदेव मिरवायला ती नियमात बसत नाही. भाचा लगेच म्हणाला, "मामा, पेट्रोल भरायला तर निघता येतं ना? पंप पारोळ्याला आहे, एरंडोलला आहे, जळगावलाही आहे." वकील होणार हा पोरगा.

धुळे, रविवार, 14 डिसेंबर
भाड्याने लावायची नाही, रोज फिरवायची नाही, हे सगळं भावाला पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "मग तर चांगलंच. झिजणार नाही." अण्णा आता सायलेन्सर ॲम्बॅसिडरचा बसेल का, या विचारात. पैशाचं काय, ते भाऊ तिकडे गेल्यावर कळवणार.

लेस्टरहून वहिनींचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "जुन्या धुळ्यातल्या आपल्या बोळात रिक्षा वळत नाही. ही लावणार कुठे?"