धूसरपणातला आवाज

छायाचित्रकार पेनी स्मिथने १९७९ साली न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये टिपलेला बेसवादक पॉल सिमोनन आज पुन्हा बराच वेळ न्याहाळला. वाकलेली पाठ, फाकलेले पाय, दोन्ही हातांनी उगारलेली बेस गिटार. पुढच्याच क्षणी ती स्टेजवर आदळणार. फोटो धूसर आलाय म्हणून 'लंडन कॉलिंग' या अल्बमच्या कव्हरवर तो घ्यायला खुद्द पेनीचाच विरोध होता! मला तर त्या धूसरपणातच आवाज ऐकू येतो.

अशा फोटोंच्या मर्यादित आवृत्तीच्या प्रिंटवर सही आणि क्रमांक असतो, बहुधा पेन्सिलीने: किती प्रतींपैकी कितवी. ठरलेल्या प्रती संपल्या की ती आवृत्ती पुन्हा छापायची नाही, हा छायाचित्रकाराचा शब्द. किंमत त्या शब्दाची. पण गुंतवणूक म्हणून घेऊन कपाटात कोंडणाऱ्यांशी माझं जमत नाही. घेतलीत तर भिंतीवर लावा. फक्त थेट ऊन पडू देऊ नका.