तीन धारांचा लव्हाळा

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणे लागते, तेव्हा त्याच्या दरवळात नागरमोथ्याचाही वाटा असतो. पण हा मोथा उगवतो कुठे, असे विचारले तर शहरातली मुले काष्ठौषधींच्या दुकानाकडे बोट दाखवतील!

त्याचे गोत पाहायचे, तर नाशिकहून निफाडमार्गे चापडगावला जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली, नांदूर मध्यमेश्वरला, विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला. पाणी कालव्यांनी कोपरगावाकडे गेले. गाळ मात्र मागेच साचला. त्यावर पाणवनस्पती माजल्या आणि त्यांच्यामागोमाग पाखरे आली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले; २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरली.

मी गेलो तो मार्गशीर्षात. मंडळी दुर्बिणी लावून बदके मोजत होती; मी बाहेरच्या एका बांधावर उकिडवा बसलो. पाण्याकाठी सारे हिरवे एकसारखेच दिसते. लव्हाळा ओळखायला डोळ्यांपेक्षा बोटे बरी! दांडा चिमटीत धरून फिरवावा. गवताची काडी बहुधा गोल, पोकळ आणि पेरांची. लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा, भरीव आणि बिनपेरांचा. पानेही तीन रांगांत. शेंड्याला दोन-चार पानांची छत्री आणि तीत तांबूस तुरे.

शेजारच्या वावरातले बाबा हसून म्हणाले, "अहो, हा आम्हांला पुरून उरलाय! वरून उपटा, खाली गाठ राहतेच." खुरप्याने त्यांनी एक गाठ काढून दिली. वरून काळपट, आतून पांढरट. नखाने खरवडली मात्र, आणि भर दुपारी नरकचतुर्दशीच्या पहाटेचा वास आला!

शेतात हा वैरी, न्हाणीघरात सोयरा. आणि पाण्याकाठी याचेच भाऊबंद मुळांनी गाळ धरतात, पाणकोंबड्यांना आडोसा देतात. तुकोबांनी महापुरातल्या लव्हाळ्याचा दाखला दिला तो उगाच नव्हे. पुराला वाकून उरणारा हा जीव आपल्या 'सुशोभना'पुढे मात्र हरतो. तळ्याचा काठ खरवडायचा, दगडी कठडा बांधायचा, की झाले तळे सुंदर! काढले काय? तर 'गवत'. ज्याचे नावच कुणाला ठाऊक नाही, त्याची रदबदली कोण करणार?

म्हणून सुट्टीत मुलांना पाखरे दाखवायला न्याल, तेव्हा वाटेत एखाद्या शेताच्या बांधावर थांबा आणि लव्हाळ्याचा दांडा त्यांच्या चिमटीत द्या. तीन धारा त्यांना मोजू द्या.